नाव न घेता लावलेला फोन

कारभारी नाना फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. ते खाकरत. गावाकडची जुनी माणसं दुसऱ्याच्या ओसरीवर पाय ठेवण्याआधी खाकरतात, आत बायामाणसं असतील तर त्यांना कळावं म्हणून. नानांच्या लेखी फोन हीसुद्धा एक ओसरीच होती. त्यांनी खाकरलं की दिंडोरीजवळच्या त्यांच्या मळ्यातून मथुराताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणत, “बोला.” की झालं बोलणं सुरू. मग नाना जगाच्या पाठीवर कुठेही असोत.

आणि नाना बऱ्याच ठिकाणी असत. मी नाशिकला द्राक्ष बागायतदारांच्या एका संघाच्या कचेरीत नोकरी केली. माझं इंग्रजी बरं आणि आवाज त्याहून बरा, म्हणून परदेशी अभ्यासदौऱ्यांचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. तीसेक बागायतदार घेऊन हॉलंडला जायचं, बंदरावरची शीतगृहं दाखवायची, आपली द्राक्षं विकत घेणाऱ्यांशी बोलणी करून द्यायची आणि नेलेले सगळे परत आणायचे. अख्ख्या बसमध्ये बाई मी एकटीच. माझ्या वडलांच्या वयाचे लोकही मला मॅडम म्हणत, आणि मीही त्यांना शाळेच्या सहलीतल्या पोरांसारखी दमात घेई.

या दौऱ्यांना नाना ठरलेले. उंच, शिडशिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, पायजमा, वर मुलाचा जुना स्वेटर आणि पायात जावयाचे बूट. ते अर्धा अंक मोठे असल्यामुळे नाना चालले की टपटप आवाज येई, आणि मला मोजणी करताना निदान त्यांच्यापुरतं मागे वळून बघावं लागत नसे. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. हॉटेलच्या नाश्त्याला ती बिनदिक्कत काढायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्यांनाही एकेक तुकडा द्यायचे. माणूस हाताचा मोकळा. बागेत गेलात तर पेटीभर द्राक्षं गाडीत ठेवल्याशिवाय सोडणार नाहीत. पण बोलण्याला पैसे मोजायचे म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

“बोलन्याला पैसे? मंग उद्या श्वासालाबी लावतील,” ते म्हणत.

निघण्याआधी कचेरीत मी सगळ्यांना रोमिंगचं समजावून सांगत असे. एकदा माझं पुराण संपल्यावर नाना उठून म्हणाले, “मॅडम, ते रोमिंग म्हंजे मोकळं सोडलेलं जनावर हे. कुनाच्या रानात किती चरून येईल, नेम नाय. आपल्याला नको.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकानेही रोमिंग घेतलं नाही. मला मात्र रोमिंग विकायला आलेल्या फोन कंपनीच्या माणसाला तोंड द्यावं लागलं.

पण घरी रोज फोन तर झालाच पाहिजे. त्याला कारण होतं. दौऱ्याच्या तारखा तिकडच्या खरेदीदारांच्या सोयीने ठरत, आपल्या बागांच्या नव्हे. छाटणी होऊन महिना झालेला, घड फुलोऱ्यात यायला लागलेले, म्हणजे बाग अगदी तान्ह्या पोरासारखी झालेली असताना मी या लोकांना विमानात बसवत असे. नानांचा सगळा माल परदेशात जाणारा. एक औषध चुकलं किंवा एक दिवस उशीर झाला की वर्षभराचे कष्ट मातीत. मागे बाग सांभाळायला मथुराताई एकट्या. मुलगा बापू पुण्याला नोकरीला. त्यामुळे नानांचा फोन म्हणजे बागेचा फोन असे.

त्यांच्या नावाची मात्र मोठी गंमत होती. आमच्याकडे खेड्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ‘आमचे कारभारी’ म्हणतात. आता नवऱ्याचं नावच कारभारी असेल तर बाईने काय म्हणावं? अख्ख्या गावातल्या बायका ‘आमचे कारभारी बाजारला गेलेत’ असं खुशाल म्हणत, आणि एकट्या मथुराताईंना ती सोय नव्हती. त्या ‘हे’ म्हणत, नाहीतर ‘बापूचे वडील’. नाना त्यांच्या वरताण. विम्याच्या कागदासाठी मी पत्नीचं नाव विचारलं तर त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं आणि पेपर माझ्याकडे सरकवला.

“तुम्हीच वाचा,” म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी नवऱ्याला दिवसातून वीस वेळा नावाने हाक मारते, त्यातल्या पंधरा रागावून. मला हे सगळं फार करमणुकीचं वाटे.

नानांचा पहिला दौरा जुना, तेव्हा फोनची कार्डं मिळत. एका गल्लीत तशी कार्डं विकणारं दुकान होतं. गल्ल्यावरची बाई सुरिनामकडची, पण तिचे पूर्वज कधीकाळी बिहारमधून गेलेले, त्यामुळे ती हिंदीसारखं काहीतरी बोलत होती. नानांना ते ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी तिथेच घासाघीस सुरू केली.

“बहनजी, थोडा कमी करो. हम तुम्हारा रोज का गिऱ्हाईक है.”

“रोज का?” तिने विचारलं. “हम तो तुमको पहिली बेर देखा.”

“आज से रोज का. शनिवार तक.”

ती इतकी हसली की तिने नानांना आत बसवलं, चहा पाजला आणि आपल्या दुकानातल्या फोनवरून घरी बोलू दिलं. नाना उभे राहिले, टोपी काढून काखेत धरली, एक कान बोटाने बंद केला आणि खाकरले. नानांचा आवाज अंतराप्रमाणे वाढे. नाशिकशी बोलताना नेहमीचा, पुण्याशी थोडा चढा आणि हॉलंडहून दिंडोरीला बोलताना तर फोन नसता तरी चाललं असतं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली.

“पानी दिलं का?... पान कसं हे?... ढग?... बरं. म्हशीनं वैरन खाल्ली का?... पोटभर?... मंग ठीक.”

आणि ठेवला. शनिवारपर्यंत ते खरोखरच रोज त्या दुकानात गेले, आणि निघताना तिला चटणीची उरलेली पुडी देऊन आले.

पुढच्या दौऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले होते आणि फुकटचं इंटरनेट असेल तिथे फोनही फुकट झाला होता. नानांनी त्यासाठी इंग्रजीतला एकच शब्द पाठ केला, ‘पासवर्ड’. कुठल्याही दुकानात, उपाहारगृहात, एकदा तर औषधांच्या दुकानात शिरून ते दोन्ही हात जोडत आणि म्हणत, “पासवर्ड?” इतक्या अजिजीने विचारल्यावर कोण नाही म्हणेल? एका गावात आम्ही जुनं चर्च बघायला थांबलो. बाहेर येऊन माणसं मोजली तर एक कमी. बुटांचा टपटप आवाजही नाही. मी आत धावले. नाना पाद्र्यासमोर हात जोडून उभे, आणि तो बिचारा म्हातारा पाद्री त्यांच्या फोनवर स्वतःच्या बोटांनी पासवर्ड टाईप करत होता. मी माफी मागेपर्यंत फोन लागलासुद्धा.

“देवळातून बोलतोय!” नाना ओरडले. त्या घुमटाखाली तो आवाज दोनदा ऐकू आला.

तिकडून मथुराताई म्हणाल्या, “कोन्त्या?”

“इथल्याच.”

“मंग माझ्या नावानंबी पाया पडा.”

नानांनी फोन कानाला तसाच ठेवून वाकून नमस्कार केला. पाद्र्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर जाऊन बसमधल्या लोकांना सांगितलं की पाच मिनिटं थांबावं लागेल, कारण नाना दर्शन घेत आहेत.

त्याच दौऱ्यात पहिल्या संध्याकाळी हॉटेलात एक घोटाळा झाला होता. नानांनी फुकटच्या ॲपवरून फोन लावला आणि नेहमीप्रमाणे खाकरले. मग मथुराताईंचा आवाज, “कोन हे? बोलायचं नाय तर लावता कशाला?” आणि फोन बंद. नाना चकित झाले. पुन्हा लावला, जोरात खाकरले. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ते असे खाकरले की हॉटेलातली मुलगी पाण्याचा पेला घेऊन धावत आली आणि मला विचारायला लागली की डॉक्टरला बोलवू का.

मी फोन तपासला. ॲपमध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकायची सोय होती, आणि तिने नानांचं खाकरणं गोंगाटात जमा केलं होतं.

“नाना, हा फोन फक्त बोलणं पाठवतो. बाकीचे आवाज गाळतो,” मी म्हटलं.

“मंग खाकरनं म्हंजे बोलनं नाय का?”

त्यानंतर सगळ्या बसमध्ये नानांचं गाऱ्हाणं फिरत राहिलं की फुकटचा फोन खाकरा खातो. शेवटी मी ती सोय बंद करून दिली तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

त्या दौऱ्यानंतर काही कामाने मी त्यांच्या मळ्यात गेले होते. घर नीटनेटकं, बाग त्याहून नीटनेटकी. मथुराताई ठेंगण्या, चटपटीत, नाकात मोरणी, आणि बोलताना डोळे आधी हसायचे. चहा झाला. मी सहज गोठ्याकडे बघितलं तर तिथे ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि जुनी मोटर.

“म्हैस कुठे बांधता?” मी विचारलं. “नाना हॉलंडहून रोज तिची चौकशी करतात.”

मथुराताईंनी पदर तोंडाला लावला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हैस कव्हाच विकली, मॅडम. बापू शाळंत व्हता तव्हा. ती मीच.”

मग त्यांनी सांगितलं. नवीन लग्न झालेलं, नाना कधी बाजाराच्या गावाहून शेजाऱ्यांकडच्या फोनवर बोलत. सासरे तिथेच ओट्यावर बसलेले. त्यांच्यादेखत बायकोला ‘जेवलीस का’ कसं विचारायचं? म्हणून म्हशीची विचारपूस. पुढे सासरे गेले, म्हैस गेली, प्रश्न मात्र राहिला. हे सांगणं चाललं असताना नानांना अचानक विहिरीवरची मोटर बघायची आठवण झाली आणि ते उठून गेले.

आता त्या सकाळबद्दल सांगते. तीन-चार वर्षं झाली असतील. पुन्हा हॉलंड, पुन्हा तोच मोसम. आदल्या दिवशी नाना एका कालव्यावरच्या पुलावर वाकून बदकं बघत होते, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशातला फोन डुबुक करून पाण्यात गेला. नानांनी क्षणभर पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गेला. एक दिवस नाय बोललं तर काय व्हतं?” मला त्यांचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदीदारांबरोबर बैठक होती. तिथल्या माणसाने सांगितलं की यंदा नियम बदललेत, आणि एका औषधाचं नाव घेऊन म्हणाला, याचा अंश जरी सापडला तरी माल बंदरावरून परत. मी ते मराठीत सांगितलं. ते औषध आमच्याकडे फुलोऱ्यात सर्रास मारत. तीस माणसं एकदम खिशात हात घालून दाराकडे पळाली.

बसमध्ये फुकटचं इंटरनेट होतं, तिथे नुसता कल्ला. जो तो घरी ओरडून सांगत होता की ते औषध मारू नका. फक्त नाना माझ्यासमोर उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

“मॅडम, मी निघताना सांगून आलोय. ढग आलं की दुपारच्याला हेच मारायचं. बाटल्या काढून ठेवल्यात. परवा बोललो तव्हा ती म्हनली, ढग जमायला लागलेत.”

इथे सकाळ होती म्हणजे तिकडे दुपार कलायला लागली असणार. बापूचा नंबर, शेजाऱ्यांचे नंबर, सगळे कालव्यात बदकांबरोबर. नानांना पाठ होता तो एकच, मथुराताईंचा. कचेरीला फोन केला तर तिकडे सणाची सुट्टी, नुसती घंटा वाजत राहिली. आमच्यातले सटाण्याचे दादाजीभाऊ म्हणाले की दिंडोरीत त्यांचे एक पाहुणे आहेत, त्यांना पाठवतो. पण पाहुणे मळ्यापर्यंत पोचेस्तोवर ट्रॅक्टरची टाकी रिकामी झाली असती.

मी माझा फोन काढला. स्वस्त पडतं म्हणून मी तिथे उतरल्यावर तिथलंच सिमकार्ड घेत असे. मथुराताई या वेळी बागेत असणार आणि घरातलं इंटरनेट तिथवर पोचत नसे, म्हणून साधाच फोन लावायला हवा होता. लावला. मथुराताईंनी उचलला.

“मथुराताई, मी संघातली मॅडम बोलतेय—”

कट.

पुन्हा लावला. पुन्हा कट. नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून दादाजीभाऊंनी तो मोठ्या आवाजावर केला आणि बसमधला कल्ला थांबला. नाना खाकरले.

तिकडून आवाज आला, “खाकरायला कोनालाबी येतं. फोन ठेव.”

“अगं, मी हाय मी!”

“आवाज तर झकास काढलास रे मुडद्या! पन माझ्यापुढं नाय चालायचं. परवाच बचत गटात पोलीसबाई येऊन सांगून गेल्यात, परदेशातून फोन येतो, घरच्या मानसाचा हुबेहूब आवाज काढत्यात आन् लुटत्यात.”

बसमध्ये कुणीतरी फस्सकन हसलं. नानांना लग्नापासून कुणी ‘अरे’ म्हटलं नव्हतं, मुडद्या तर लांबच राहिलं.

“माझा फोन पान्यात पडला गं. ऐक, ते औषध मारू नको. टाकीत घातलं असंल तर ओतून दे.”

“माझ्या बागंवर उठलास का रे तू? हे जाताना सांगून गेलेत, हेच मारायचं. त्यांचा शब्द मी मोडायची नाय. ट्रॅक्टर आलाय, ठेव.”

“थांब! थांब जरा. म्हशीनं वैरन खाल्ली का?”

मला वाटलं, जमलं.

“म्हशीचं साऱ्या गावाला ठाऊक हे,” मथुराताई म्हणाल्या. “एवढा खरा असशील तर सांग, माझं नाव काय?”

नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी समोरच उभी होते. परक्या देशात दुकानदारणीशी घासाघीस करणारा, चर्चमध्ये पाद्र्याकडून पासवर्ड मागून घेणारा माणूस, पण त्याचे कान लाल झाले होते. तीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. साडेतीन एकर बाग, वर्षाचा घाम, सगळं एका शब्दावर येऊन थांबलेलं, आणि तो शब्द काही तोंडातून निघेना.

“नाव ली टाक ना नाना!” दादाजीभाऊ अहिराणीत कुजबुजले. “काय शे त्यामा!”

मागच्या सीटवरून कुणीतरी तर नावच सुचवायला लागलं. नानांनी हाताने त्यांना गप्प केलं. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांच्या वतीने मीच ओरडून नाव सांगावं असं मला वाटलं.

“बोल की,” तिकडून आवाज आला. मागे ट्रॅक्टर सुरू झाल्याचं ऐकू येत होतं.

शेवटी नाना चिडले. खरोखर चिडले.

“असं चारचौघांत काय इचारायचं असतं का? काय लाजबिज हाय का नाय तुला?”

मग मथुराताईंनी लांब कुणाला तरी हाक मारली, “ए, बंद कर रे ते! बंद कर म्हन्ते ना!” ट्रॅक्टरचा आवाज थांबला. आणि मग त्या फोनवर आल्या तेव्हा आवाज निराळाच होता.

“तुम्हीच हायेत. चोर असता तर एव्हाना नाव, माहेर, समदं घडाघडा सांगून मोकळा झाला असता. बोला, कोन्तं औषध मारू?”

बसमध्ये जो जल्लोष झाला तो ऐकून रस्त्यावरून सायकलने जाणारी दोन माणसं थांबली. नानांनी एका हाताने सगळ्यांना गप्प बसवत दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं, प्रमाण सांगितलं, दोनदा वदवून घेतलं. शेवटी म्हणाले, “ठेवतो. मॅडमचं बिल वाढतंय.” फोन माझ्या हातात देऊन ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि टोपीने तोंड पुसलं. मला त्या दिवशी नाना फार आवडले. त्यांचा मला थोडा हेवाही वाटला, आणि त्या संध्याकाळी मी घरी फोन केला तेव्हा नवऱ्यावर एकदाही रागावले नाही.

त्या वर्षी त्यांचा माल बंदरावर पास झाला. मथुराताईंनी कचेरीत पेढे आणून दिले आणि माझ्या टेबलासमोर बसून विचारलं, “मॅडम, औषध मी मारते, फोनबी मीच उचलते. मंग हॉलंडला हेच का जात्यात?”

प्रश्न बिनतोड होता. मी तो तसाच साहेबांपुढे ठेवला. म्हणून पुढच्या वेळी संघाने पहिल्यांदाच बायकांचा दौरा काढला. दिंडोरी, निफाड, येवल्याकडच्या बागायतदार बायका, आणि पहिल्या खिडकीत मथुराताई. माझ्या नोकरीतला तो शेवटचा दौरा. इतका आवाज, इतकं खाणं आणि इतकी गाणी मी आधीच्या सगळ्या दौऱ्यांत मिळून ऐकली नव्हती. बसमध्ये फुकटचं इंटरनेट होतं, त्यामुळे घरोघरच्या सासवा, सुना, नातवंडं दिवसभर आमच्याबरोबरच हिंडत होती.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी नानांचा व्हिडिओ फोन आला. ते घराच्या ओट्यावर बसले होते, आणि सगळ्या म्हाताऱ्या माणसांप्रमाणे फोन असा धरलेला की टोपी आणि पत्रे दिसत होते.

“फोन खाली घ्या, तोंड दिसंना,” मथुराताई म्हणाल्या.

तोंड आलं. पाणी, पान, ढग झाले. बाग आता नाना एकटे बघत होते आणि त्यांना सगळं मथुराताईंना विचारावं लागत होतं. त्याही झटपट सांगत होत्या. तेवढ्यात मागच्या बायकांना पत्ता लागला की हेच ते नाना, नाव न सांगितलेले. मग काय! पंचवीस डोकी त्या फोनवर वाकली.

“नाना, नाव घ्या! त्याबिगर बाईला परत पाठवायचो नाय!”

“घ्या नाव! घ्या नाव!” सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. मथुराताई “गप बसा गं” म्हणत होत्या, पण फोन काही बाजूला करत नव्हत्या.

नानांनी इकडेतिकडे बघितलं. ओट्यावर कुणी नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली. मला वाटलं, आता मोटर बघायची आठवण होणार. पण ते सरसावून बसले, आणि हॉलंडपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

“विमान गेलं हॉलंडला, ढग राहिले खाली,
माझ्या बागंला गोडी जिच्यामुळं आली, ती—”

आणि चित्र थांबलं.

आवाज गेला. इंटरनेट फुकटचं होतं, ते ऐन वेळी गेलं. पडद्यावर नाना तसेच राहिले, मान जराशी पुढे, भुवया वर चढलेल्या, आणि ओठ ‘म’ म्हणायला मिटलेले. बायकांनी एकच गलका केला. कुणी म्हणे घेतलं असेल, कुणी म्हणे मुद्दामच बंद केला, कुणी मला म्हणे परत लावा. मी मथुराताईंच्या हातातला फोन घेऊन इंटरनेट परत येतंय का बघत राहिले, पण चित्र हलेना. त्यानंतर माझी नोकरी संपली आणि नानांची गाठ पडली नाही. मला ते अजून तसेच दिसतात.

तेव्हा बसमध्ये मथुराताईंनी फोन माझ्या हातून काढून घेतला. त्या थांबलेल्या चित्राकडे जरा वेळ बघितलं आणि पदराने काच पुसली.

“राहू द्या, मॅडम,” त्या म्हणाल्या. “मला आलं ऐकू.”